सापडलेली वस्तू

केबिन ५२१४. खालच्या बर्थच्या फटीत
एक मोजा, चिप्सचं पाकीट, आणि हे :
तळहाताहून थोडं मोठं, अजून कोमट.
नियम असा, की सापडलेली वस्तू
वहीत नोंदवायची, लगेच काउंटरवर द्यायची.
मी नोंदवली. वेळ लिहिली, खाली नाव : वीर्वे.
दिली मात्र नाही.

रात्री, पाण्याच्या रेषेखाली, माझ्या खोलीत
(जिला खिडकी नाही, पडदा तेवढा आहे)
बटण दाबलं.
शहर जळत होतं.
पूल होता एक, अर्धाच. पलीकडे आभाळातून
काहीतरी उतरत होतं कोळ्याच्या पायांचं,
पोटात निळा दिवा पेटलेलं.
रेडिओवर कुणीतरी स्वीडिशमध्ये ओरडत होतं :
ते आलेत, परग्रहावरचे, पूल सोडू नका!
कोपऱ्यात आकडा, दोन. गोळ्या असाव्यात.

मी शोधलं, यात मी कुठे आहे.
तोंड नाही. खाली पाहिलं तर पाय नाहीत, नुसता रस्ता.
फक्त दोन हात मनगटापर्यंत
आणि हातांत बंदूक.
हसू आलं.
बावीस वर्षं मी या जहाजावर अशीच तर आहे,
दाराच्या फटीतून आत येणारे दोन हात,
हातांत चादर.

बंदूक खाली ठेवायचं बटण मी फार शोधलं.
एकाने उडी मारता येते, एकाने बसता येतं,
एकाने गोळ्या भरतात, नसल्या तरी.
मागची काच बोटाने घासली तर हातबॉम्ब.
ठेवायचं बटण नाही.

मग तो आला.
मी ‘थांब’ म्हटलं, एस्टोनियनमध्ये, मग रशियनमध्ये,
आजीच्या काळात दारावर आलेल्यांशी बोलत तसं, हळू.
पडदा लाल झाला. मी मेले.
आणि लगेच पुन्हा पुलावर, गोळ्या दोन,
रेडिओचं तेच.
मरण म्हणजे जणू उशीचा अभ्रा,
दर फेरीला धुऊन, घडी करून परत समोर.

सातव्यांदा मेल्यावर लक्षात आलं
की सगळं पुढेच ढकलतं. रेडिओ, बाण, आग.
मी मागे वळले.
पुलाच्या जिन्याखाली एक हिरवं दार होतं,
रंग उडालेलं. ढकललं तर उघडलं.
आत टेबल, दोन बशा, एकीत अर्धा पाव.
खुर्चीवर कोट.
लढाईला हिचा काही उपयोग नव्हता.
तरी कुणीतरी, कुठल्यातरी ऑफिसात, उशिरापर्यंत बसून
कोटाचं तुटलेलं बटण काढलं होतं,
लोंबणाऱ्या दोऱ्यासकट.

बशा उचलता येत नाहीत. करून पाहिलं.
मग तिथेच बसले भिंतीला पाठ लावून
बॅटरी संपेपर्यंत.
बाहेर जग बुडत होतं,
आत फक्त इंजिनाची घरघर,
ती माझ्या बाजूची.

तिसऱ्या दिवशी स्टॉकहोमच्या धक्क्यावर तो आला, बापाबरोबर.
माल्टे. दहाएक वर्षांचा, पुढचा दात अर्धा.
आधी चार्जर लावला, मग माझ्याकडे बघितलं.
‘कुणी खेळलं हे?’
मी वही पुढे केली. इथे सही.
‘गोळ्या दोनच आहेत,’ तो म्हणाला, ‘पण मी इथे नव्हतो.
ही कुठली खोली?’

बाप घड्याळ बघत होता. वर चादरी बदलायच्या राहिल्या होत्या.
‘कोट बघ,’ मी म्हटलं. ‘उजवीकडचं बटण.’

दार लोटून मी निघाले तेव्हा
रेडिओ मागे ओरडतच होता, पूल सोडू नका,
आणि पोरगा त्याला म्हणत होता,
गप रे जरा.